बास वाजवता वाजवता झील धरणे

सुरतेत नवरात्रात गरबा गाणाऱ्या वाद्यवृंदातील बास गिटारवादकाला कधी कधी कोरसही सांभाळावा लागतो, म्हणजे मुख्य गायकाने टाकलेली ओळ त्याने इतरांबरोबर उचलायची असते आणि तसे करताना हाताखालची चाल क्षणभरही ढळू द्यायची नसते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत वसलेल्या खानदेशी मराठी कुटुंबांना हे काम अगदीच परके वाटू नये, कारण तमाशात आणि पोवाड्यात तुणतुणे छेडत झील धरणारा झीलकरी मूलतः हेच करीत आला आहे. दोहोंत एक फरक मात्र मोठा आहे. तुणतुण्याची एकच तार एकच स्वर देत राहते, त्यामुळे झीलकऱ्याच्या हाताला स्वर शोधावा लागत नाही. बासवादकाचा डावा हात मात्र चार तारांवर सतत जागा बदलत असतो.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या विद्युत बास गिटारने हे वाद्य बँडमध्ये रूढ केले. त्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला एक्केचाळीस कंपनांवर, बोलते. गीताचा मूळ स्वर आणि ढोलाचा ठेका यांना जोडून ठेवणे हे बासचे काम असल्यामुळे तो अडखळला, तर चूक एका वाद्यापुरती राहत नाही, साऱ्या वृंदाची लय डळमळते.

साध्या गिटारवर स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, छेडत गाणे त्या मानाने सोपे असते, कारण हाताचा एकसारखा हेलकावा शब्दांना आधार देतो. बासचे आघात पुष्कळदा शब्दांच्या मधल्या जागेत पडतात. सहा मात्रांच्या हींच तालात बासने पहिली आणि चौथी मात्रा धरली आणि ओळीचे पहिले अक्षर दुसऱ्या मात्रेवरून उठले, की नवख्याचा हात अक्षरामागे धावतो किंवा अक्षर हातासाठी थांबते. त्यातच गळा वरच्या स्वरावर असताना बोटे खालच्या मूळ स्वरावर असल्याने कोरसचा सूर उतरण्याचाही धोका असतो.

यावर नेहमी दिला जाणारा उपाय असा, की आधी बासची चाल हातात इतकी मुरवावी की ती न पाहता, न विचार करता वाजेल, आणि मग त्यावर गाणे चढवावे. हा उपाय अर्धाच खरा आहे. शब्दांशी कधी गाठ न पडलेला हात, तो कितीही तयार असला तरी, पहिल्या ओळीलाच बावचळतो. चाल थोडी बसताच अतिशय संथ लयीत ओळीतले प्रत्येक अक्षर कोणत्या आघाताबरोबर, कोणत्या आघाताआधी आणि कोणत्या आघातानंतर येते हे कागदावर मांडावे, ते आधी सुराविना नुसते बोलत वाजवावे, मग एका स्वरावर गुणगुणावे आणि शेवटी पूर्ण चालीत म्हणावे. अशा रीतीने हात आणि गळा यांची मिळून एकच लय बनते, आणि ती एकदा बनली की वादकाला दोन कामांकडे लक्ष वाटून द्यावे लागत नाही. जिथे शब्द दाट आहेत तिथे बासने स्वर लांबवावा आणि ओळ संपून गळा मोकळा झाला की भराव्याच्या जागा घ्याव्यात, ही काटकसर अनुभवी वादकांना सहज साधते.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे राहुल राम बास वाजवत गातात, आणि ते प्रत्यक्ष ऐकल्यास वरील सर्व गोष्टी पटतील. नर्मदा बचाव आंदोलनात काम करताना त्यांनी खोऱ्यातले एक लोकगीत उचलले. बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहातील ‘मा रेवा’ ते हेच. रेवा म्हणजेच नर्मदा, आणि तिचे मुख सुरतेच्या शेजारच्या भरूच जिल्ह्यात आहे.

सुरतेच्या सरसाणा भागातील डोमसारख्या मोठ्या बंदिस्त जागेत मंद्र स्वर भिंतींवरून परतून घुमतात आणि वादकाला स्वतःचा आघात व स्वतःचा आवाज वेगळा ओळखणे जड जाते. म्हणून आयोजकांना एक विनंती करावीशी वाटते: बास वाजवणाऱ्याला गायलाही लावायचे असेल, तर त्याच्यासमोर मायक्रोफोनबरोबर एक स्वतंत्र मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला ध्वनिवर्धक, अवश्य ठेवावा.