मोटारीच्या रंगकामापूर्वीची घासणी व प्रायमर

मोटारीच्या रंगकामापूर्वीची घासणी व प्रायमर म्हणजे वाहनाच्या पत्र्यावर अंतिम रंग चढवण्याआधी केली जाणारी पृष्ठभागाची तयारी होय. जुना रंग व गंज काढणे, खड्डे भरून सपाटी आणणे, पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे निर्माण करणे आणि त्यावर गंजरोधक अस्तर देणे ही कामे तीत येतात. रंग वर्षानुवर्षे टिकतो की पापुद्रे धरून सुटतो, हे बहुतांशी याच टप्प्यावर ठरते. प्रत्यक्ष फवारणीला त्या मानाने फारच थोडा वेळ लागतो.

घासणी

घासणीपूर्वी पत्रा धुऊन त्यावरील मेण, तेल व सिलिकॉनयुक्त पॉलिश विद्रावकाने पुसून काढतात. हा क्रम उलटल्यास तेलकटपणा ओरखड्यांत शिरतो आणि पुढे ओला रंग त्या जागेवरून मागे सरून लहान गोल खळगे पडतात.

गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला पकड मिळत नाही. ओरखड्यांमुळे ती मिळते. मात्र ओरखडे खोल असल्यास वरचा लेप वाळून आकसताना ते पुन्हा दिसू लागतात. म्हणून जाड कागदाकडून बारीक कागदाकडे टप्प्याटप्प्याने जावे लागते. खरकागदाचा (बोलीभाषेत पॉलिश पेपर) क्रमांक जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक असतात. जुना रंग उतरवण्यास व पुट्टीला आकार देण्यास साधारणतः ८० क्रमांकाचा, जुन्या रंगाच्या कडा उतरत्या करण्यास १८० ते २४० चा, तर प्रायमरपूर्वी ३२० च्या आसपासचा कागद वापरतात. अंतिम रंगापूर्वी प्रायमर ४०० ते ६०० क्रमांकाच्या, धातुचमक असलेल्या रंगाखाली त्याहूनही बारीक कागदाने घासतात. ८० वरून थेट ४०० वर गेल्यास बारीक कागद खोल चर काढू शकत नाही, केवळ त्यांच्या कडा गोलावतो. ही चूक कार्यशाळेच्या सावलीत लपते आणि गाडी उन्हात आली की उघडी पडते.

सपाट भागावर कागद नुसत्या बोटांनी दाबल्यास बोटांखाली पन्हाळी पडतात. त्यासाठी कागद लाकडी वा रबरी ठोकळ्याला गुंडाळतात. उंचसखलपणा ओळखण्यासाठी प्रायमरवर वेगळ्या छटेचा अगदी विरळ फवारा मारून घासतात. ज्या ठिकाणी ती छटा उरते तेथे खळगा असतो. तरीही अनुभवी कारागीर शेवटची खात्री तळहात फिरवूनच करतो.

पाण्याबरोबर वापरता येणारा खरकागद अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ च्या सुमारास बाजारात आणला. त्यापूर्वीच्या कोरड्या घासणीत जुन्या रंगांतील शिशाची विषारी धूळ कामगारांच्या श्वासात जात असे. मोटारउद्योगात हा कागद रुजण्याचे ते एक महत्त्वाचे कारण होते. पॉलिएस्टर पुट्टी (कारागिरांच्या भाषेत ‘लांबी’) मात्र कोरडीच घासावी लागते. ती सच्छिद्र असल्याने पाणी शोषते, आणि ते आत राहिल्यास कालांतराने रंगावर फोड येतात किंवा खालून गंज धरतो.

प्रायमर

उघडे पोलाद दमट हवेत लवकर गंजू लागते. कोकणासारख्या किनारी भागात पावसाळ्यात तर घासलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवणेही धोक्याचे असते. फॉस्फरिक आम्लयुक्त ‘एच’ प्रायमर धातूवर रासायनिक क्रिया करून पातळ पण चिवट पकड देतो. त्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी लावू नये, कारण आम्लामुळे ती नीट कठीण होत नाही. एपॉक्सी प्रायमर ओलावा अडवण्यात सरस असून त्यावर पुट्टीही चालते. तो उत्पादकाने दिलेल्या मुदतीपलीकडे वाळला, तर पुढच्या लेपापूर्वी पुन्हा घासावा लागतो. तिसरा प्रकार जाड थराच्या ‘सरफेसर’चा. त्याचे काम गंज रोखणे नसून घासणीच्या खुणा बुजवून सलग पृष्ठभाग देणे हे आहे. हा भेद न जाणता उघड्या पत्र्यावर केवळ सरफेसर मारणे ही स्वस्त रंगकामातील नेहमीची त्रुटी होय. पॉलिप्रोपिलिनच्या बंपरला यांपैकी कोणताच लेप थेट नीट चिकटत नाही. त्याला आधी प्लॅस्टिकसाठीचा आसंजक लेप द्यावा लागतो.

कारखान्यात नव्या गाडीचा संपूर्ण सांगाडा फॉस्फेट प्रक्रियेनंतर प्रायमरच्या टाकीत बुडवून विद्युत्‌प्रवाहाने लेपतात व भट्टीत तापवतात. सुमारे २० मायक्रॉन जाडीचा हा थर पत्र्याच्या आतल्या पोकळ्यांतही पोहोचतो. दुरुस्तीत तो घासून निघाला, तर गॅरेजमध्ये तसाच पुन्हा देता येत नाही, कारण त्यासाठी अख्खी गाडी सुटी करावी लागेल. म्हणून शाबूत असलेला मूळ थर उगाच धातूपर्यंत घासू नये, तो केवळ खरवरीत करावा.

आरोग्य

पुट्टी व रंगाची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून घासताना धूळरोधक श्वसनयंत्र आवश्यक असते. जुन्या गाड्यांच्या रंगांत शिसे, तर जुन्या गंजरोधक प्रायमरमध्ये कर्करोगकारक क्रोमेट असू शकते. दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या युरेथेन प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेटे असतात. त्यांच्यामुळे व्यावसायिक दमा होतो, आणि एकदा ॲलर्जी जडल्यावर अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफा अडवत नाही. फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरणे योग्य ठरते.