वाल दे गायिनेरा : आठ गावांचे खोरे
स्पेनच्या आलिकांते प्रांतात, भूमध्य समुद्राच्या गजबजलेल्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, बेनिरामा, बेनियाली, बेनिसिवा, बेनिताया अशी आठ चिमुकली गावे ज्या खोऱ्यात वसली आहेत, तेथील नावांमधला 'बेनी' हा अरबी शब्द (अर्थ : अमक्याचे वंशज), ते वंशज परागंदा होऊन चार शतके लोटली तरी, आपले वतन सोडावयास तयार नाही. स्पेनचा राजा तिसरा फेलिपे याच्या १६०९ च्या फर्मानाने मोरिस्को (म्हणजे ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागलेल्या मुस्लिमांची) रयत हद्दपार झाली आणि ओस पडलेल्या घरांत मायोर्का बेटावरील कुटुंबे आणून वसविण्यात आली. चुन्यावाचून रचलेल्या दगडी बांधांच्या उतरत्या शेतांवर आज चेरी व ऑलिव्ह उभे आहेत. अशा बांधकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाली. कानी पडेल ती भाषा वालेन्सियन. दुपारच्या प्रहरी रस्ते निर्मनुष्य असतात, हे प्रवाशाने गृहीतच धरावे. आमच्या मते तेच येथील खरे आकर्षण! खोऱ्यावरच्या कड्यास, पेन्या फोरादादास, आरपार भगदाड असून मार्च व ऑक्टोबरच्या आरंभी मावळतीचा किरण त्यातून बेनितायानजीकच्या जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेवर उतरतो.