एका वेळी एकच बदल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडीच्या गर्दीत चोवीस वर्षांचा एक तरुण समोर येऊन बसला. उजवा अंगठा डाव्या हाताने धरलेला. एमआयडीसीतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला. ‘मॅडम, जॉब उचलला की मनगटात कळ येते. सुपरवायझर म्हणतो, बरा होऊन ये, नाहीतर दुसरा माणूस लावतो.’ नोकरी कंत्राटी, घरी कमावणारा तो एकटाच.

मी त्याला अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवलं. तो खुर्चीतून अर्धा उठलाच. अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथलं आवरण जाड झालं की अशी कळ येते. डॉक्टर त्याला ‘डी क्वेर्वेन’चा आजार म्हणतात. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये तो आम्हाला नेहमी दिसतो. याच्या घरी बाळ नव्हतं. मशीनवरचं काम तीन वर्षं तेच होतं, दुखणं मात्र दोन महिन्यांचं.

‘कामावरून आल्यावर काय करतोस?’
‘गाडी चालवतो.’
‘कुठली?’
‘लोटस ४९. खरी नाही मॅडम, कॉम्प्युटरवर.’

जुनी गाडी, अवघड गाडी

सिम रेसिंग म्हणजे नुसती बटणं दाबायचा खेळ नव्हे. टेबलाला खरं स्टिअरिंग लावायचं, पायाशी पेडल ठेवायची आणि गणिताने उभी केलेली गाडी पडद्यावर चालवायची. स्टिअरिंगच्या आतली मोटर चाकांवरचा ताण हातापर्यंत पोहोचवते. लोटस ४९ ही १९६७ सालची फॉर्म्युला वन गाडी, कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी रचलेली. त्याच वर्षी जूनमध्ये नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने पहिल्याच शर्यतीत तिला जिंकून दिलं. सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिन आणि वजन जेमतेम पाचशे किलोच्या घरात. आजच्या शर्यतीच्या गाड्यांना हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटवणारे पंख असतात. हिला त्या वर्षी ते नव्हते. जी काही पकड, ती टायरची आणि स्प्रिंगांची. वळणावर पाय जरा जास्त दाबला की मागची बाजू फिरलीच.

माझा मुलगा असले खेळ खेळत नाही, त्यामुळे मला हे सगळं नवीन होतं. पण मनगट कशाने दुखतं हे कळल्याशिवाय उपचार कसला? तिसऱ्या भेटीला तो त्याची वही घेऊन आला आणि मला शिकवायला बसला.

गाडीचा ‘सेटअप’ म्हणजे स्प्रिंग किती कडक, गाडी जमिनीपासून किती उंच, टायरमध्ये हवा किती, गिअर लांब की आखूड, ब्रेकचा जोर पुढे किती आणि मागे किती. प्रत्येक सर्किटला याचं उत्तर वेगळं. मॉन्झाच्या जुन्या ट्रॅकवर लांबलचक सरळ रस्ते, तिथे गिअर लांब हवेत. मोनॅकोच्या गल्लीबोळांत तेच गिअर लावले तर गाडी वळणातून बाहेर पडताना दम टाकते. तिथे गिअर आखूड हवेत आणि स्टिअरिंग जास्त वळायला हवं. जर्मनीतलं जुनं न्युर्बुर्गरिंग खूप लांब, चढउतारांचं. काही ठिकाणी गाडी अक्षरशः हवेत जाते. तिथे कडक स्प्रिंग लावली की चाकं रस्ता सोडतात. म्हणून स्प्रिंग मऊ ठेवायची आणि गाडी थोडी उंच.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. वळणावर गाडी बाहेरच्या चाकांवर कलते. मागचा अँटी-रोल बार कडक केला, तर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि मागच्या दोन चाकांची मिळून पकड घटते. मग शेपूट सुटते. पुढचा कडक केला, तर उलट, गाडी वळायलाच तयार होत नाही. म्हणजे दुखणं मागे दिसत असलं, तरी इलाज कधी पुढे करावा लागतो. हे ऐकून मी हसले. पाय दुखतो म्हणून येणाऱ्या माणसाचं मूळ कमरेत सापडतं, हे आम्ही रोजच पाहतो.

वहीतलं एक पान

मग मी त्याची वही नीट वाचली. एका रात्रीची नोंद अशी होती: मागच्या स्प्रिंग मऊ, टायरची हवा कमी, ब्रेक पुढे, अँटी-रोल बार बदलला. पाचही फेऱ्यांत गाडी फिरली. दुसऱ्या रात्री आणखी पाच बदल. गाडी कशामुळे बिघडली हे त्याला कळणार कसं? जितकी गाडी फिरे, तितकी त्याची मूठ घट्ट होई, आणि रोज तीन तास मनगट वाकडं ठेवून तो स्टिअरिंगशी झुंजत राही.

त्या पानावरून मला माझीच एक चूक आठवली. अनेक वर्षांपूर्वी रक्तदाबाचे एक आजोबा माझ्याकडे येत. दाब उतरत नव्हता. मी एकाच भेटीत एका गोळीचा डोस वाढवला, दुसरी बदलली आणि तिसरी सुरू केली. चार दिवसांनी ते पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. कुठल्या गोळीने दाब इतका उतरला, हे मला सांगता येईना. सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तातडीच्या वेळी अनेक औषधं एकदम द्यावीच लागतात, ते वेगळं. पण जिथे सवड आहे, तिथे एक बदल करायचा, वाट पाहायची, मोजायचं, मग पुढचा. आजोबांची माफी मी मागितली होती. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

आधी शरीराचा सेटअप

‘गाडीचं राहू दे. तू बसतोस कसा?’ मी विचारलं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. प्लास्टिकची खुर्ची, स्टिअरिंग छातीपेक्षा उंच, कोपर लोंबकळत, मनगट करंगळीकडे झुकलेलं. मोटरचा जोर शंभर टक्के, कारण ‘त्याशिवाय खरं वाटत नाही’.

खऱ्या गाडीत मागची बाजू सुटू लागली की आधी कळतं ते पाठीला, मांड्यांना आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला. घरच्या खुर्चीत यातलं काहीच नसतं. उरतात फक्त डोळे, कान आणि हात. त्यात मोटरचा जोर अति ठेवला, तर बारीक फरक हरवतात. रेडिओचा आवाज पूर्ण मोठा केला की शब्द फाटतात, तसंच. जोर कमी केला तर हाताला उलट जास्त कळतं. डोळ्यांना रस्ता पळताना दिसतो आणि कान सांगतो की आपण जागेवरच आहोत. या भांडणातूनच अनेकांना असे खेळ खेळताना मळमळतं. असं झालं तर लगेच थांबावं, रेटू नये.

तीन आठवडे खेळ बंद, अंगठ्याला आधार देणारा पट्टा, थोडे दिवस सुजेचं औषध. कामावर हलकं काम मिळावं म्हणून मी चिठ्ठी दिली. खेळ सुरू केल्यावर स्टिअरिंग खाली आणायचं, म्हणजे कोपर वाकलेलं आणि मनगट सरळ राहील. मोटरचा जोर निम्मा. पकड पक्षी धरावा तशी. दर अर्ध्या तासाला उठायचं, पडद्यावरून नजर काढून लांब पाहायचं. रात्री अकराला बंद, कारण झोप अपुरी झाली तर सकाळच्या मशीनवर त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते. आणि गाडीत एका रात्री एकच बदल, पाच फेऱ्या, मग नोंद.

ज्यांना अंगठ्याजवळ सूज, मुंग्या किंवा पकड सुटणं अशी लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त आहेत, त्यांनी मलम चोळत बसू नये. दाखवून घ्यावं. काहींना इंजेक्शन लागतं, थोड्यांना छोटी शस्त्रक्रिया.

दिवाळीच्या आधी तो आला. मनगट वाकवलं, तोंड वाकडं झालं नाही. कंत्राट वाढलं होतं. वहीतलं नवीन पान त्याने दाखवलं. न्युर्बुर्गरिंगच्या सलग चार फेऱ्या, एकदाही गाडी फिरली नाही. वेळ फारशी सुधारली नव्हती. ‘काय बदललंस?’ मी विचारलं.

‘गाडीत अजून काहीच नाही, मॅडम. फक्त खुर्ची.’