रेडियमचे मशीन भंगार नव्हे!

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी रेडियम कटिंगचे दुकान म्हणजे थोड्या भांडवलाचा धंदा. एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि अक्षरांची जाण असली की होतकरू मुलगा घर चालवतो. परंतु १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची झाली व रोजचे काम हातचे गेले. उरली टेम्पोवरची नावे, दुकानांच्या पाट्या आणि जयंतीच्या दिवसांतली गर्दी. अशात जुना कॉम्प्युटर बसतो. उसनवारी करून नवा आणावा, तर त्याला सीडी घालायला जागाच नसते! मग विकणारा सांगतो, मशीनही नवे घ्या.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आधी हिशेब मांडतो. मशीनला काहीही झालेले नाही. अडले आहे ते सीडीपाशी.

ज्याच्याकडे डीव्हीडी ड्राइव्हचा जुना कॉम्प्युटर असेल त्याच्याकडे आपली मूळ सीडी न्यावी. नुसत्या फाइली उतरवून भागत नाही, कारण आर्टकटसारखे प्रोग्रॅम बसवताना डिस्क मागतात. इम्गबर्न या फुकट प्रोग्रॅमने सीडीची जशीच्या तशी आयएसओ प्रत करून पेनड्राइव्हवर घ्यावी. विंडोज ८ (२०१२) पासून पुढच्या विंडोजमध्ये तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती सीडी घातल्यासारखी उघडते. प्रोग्रॅम तरीही हटून बसला तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह तासाभरासाठी उसना आणावा. बाजारातली चोरटी प्रत मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. तिच्यातून व्हायरस शिरला तर वर्षानुवर्षांची डिझाइने जातील.

खरी कसोटी ड्रायव्हरची. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे, त्यावर ३२ बिटचा जुना ड्रायव्हर चालत नाही. मशीनचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला नाही आणि मागे सिरियल पोर्ट असेल, तर यूएसबी-सिरियल केबल लावावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम नंबर प्रोग्रॅममध्येही तोच टाकावा.

इतके करूनही जुना प्रोग्रॅम चालेना, तर इंकस्केप आहे. ते फुकट मिळते, मराठी युनिकोड वाचते आणि बहुतेक मशिनांना समजणाऱ्या एचपीजीएल भाषेत सिरियल पोर्टवरून काम पाठवते. फक्त अक्षरांचा पाथ करून ‘युनियन’ द्यायला विसरू नये. आपल्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या एक केल्या नाहीत, तर ‘मोहोळ’ लिहिताना पाते प्रत्येक जोडावर रेडियम कापते आणि शीट वाया जाते.