जमाव पांगविण्यापूर्वीची आज्ञा

शांत मोर्चातून एखादा दगड भिरकावला जातो आणि चित्र पालटते. अशा वेळी लाठी हा पोलिसांचा पहिला उपाय नव्हे. भारतीय नागरी सुरक्षा संहिता, २०२३, कलम १४८ अन्वये कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचे प्रभारी अधिकारी बेकायदेशीर जमावास पांगण्याची आज्ञा देऊ शकतात. ती न जुमानल्यास, अथवा न पांगण्याचा निर्धार वर्तनातून दिसल्यास, बळाचा वापर करता येतो. मात्र आज्ञा मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावी, निघण्यास अवधी व वाट असावी. व्यवहारात नेमके हेच राहून जाते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या लोकांना हुसकावण्यात आले. त्याबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना दोष दिला. आयोजकांनाही सोडले नाही.