आधी ब्रेक, मग इंजिन

साक्रीहून सुरतेकडे निघालं, की दहिवेल मागे पडतं आणि पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. आमच्या लहानपणी गाडीची खरी परीक्षा या घाटात व्हायची. येताना चढावर इंजिनाची, जाताना उतारावर ब्रेकची. पहिल्या परीक्षेची चर्चा चहाच्या टपरीवर चाले. दुसरीबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, पण पाना कधी हातात धरला नाही. तरीही गाड्यांवर बोलतो आहे, त्याला कारण माझे चाचा. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे पेट्रोलची ॲम्बेसेडर होती. ती भाड्यानं जायची. पेट्रोल परवडेना, म्हणून त्यांनी एका मालवाहू गाडीचं जुनं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. तेव्हा हे नवलाचं नव्हतं. गाडी चढावर झकास ओढू लागली. चाचा खूश. दोन महिन्यांनी नवापूरला जाताना घाटाच्या उतारावर ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. रस्त्याकडेला खडीचा ढीग होता, म्हणून निभावलं. चाचांचं मनगट मोडलं, जीव वाचला. पुढे ते म्हणायचे, की बैल दांडगा आणला, पण जू आणि गाडा जुनाच राहिला.

चूक कुठे झाली? डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची, की त्यात डिझेल फवारताच ते पेट घेतं. जुन्या पेट्रोल इंजिनात हा दाब सात-आठ पटींचा, तर जुन्या डिझेलमध्ये वीस पटींच्या आसपास. तो सोसायचा म्हणजे इंजिनाचा बांधा जाड हवा, वजन जास्त हवं. ते सगळं वजन गाडीच्या नाकावर येतं. पुढचं सस्पेन्शन दबतं, स्टिअरिंग जड होतं आणि थांबवायचा भार वाढतो. चाचांच्या गाडीचे ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे होते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पेट्रोल गाडीत ब्रेकचा पाय हलका करणारा जो बूस्टर असतो, तो बहुधा इंजिनात हवा ओढली जाताना होणाऱ्या पोकळीवर चालतो. साध्या डिझेल इंजिनात तशी पोकळी तयार होत नाही. तिथे वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो. तो विसरला, तर ब्रेक दगडासारखा लागतो. शिवाय इंजिनाचे पाय, क्लच, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटर, वायरिंग हे सगळं नव्यानं जुळवावं लागतं. कवितेतला एक शब्द बदलला, की सगळी ओळ पुन्हा मोजावी लागते, तसंच हे.

हे काम नीट होतच नाही, असं नाही. ब्रिटनची एमजीबी ही दोन माणसांची नावाजलेली स्पोर्ट्स कार. तिच्यात चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन असे. तिथल्या एका कारागिरानं त्या जागी रोव्हरचं आठ सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं इंजिन बसवलं. ते ॲल्युमिनियमचं असल्यामुळे वजन जवळपास तेवढंच राहिलं, म्हणून तोल बिघडला नाही. पुढे कंपनीनंच १९७३ ते १९७६ या काळात अशा २,५९१ गाड्या काढल्या. गंमत म्हणजे एमजीबीच्या आधीच्या एमजीए या स्पोर्ट्स कारचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या ॲम्बेसेडरचं इंजिन एकाच घराण्यातलं होतं!

आपल्याकडेही कंपन्यांनी हेच केलं. मुंबईच्या प्रीमियर कंपनीची ११८ एनई आठवते? अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निस्सानचं. काँटेसाचंही तेच. १९८४ मध्ये ती आली, तेव्हा एवढ्या मोठ्या गाडीत ॲम्बेसेडरचंच इंजिन होतं. बिचारीला दम लागायचा. पुढे तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर पाच गिअरची पेटीही आली. कंपनीनं नुसता बैल बदलला नाही, गाडाही सुधारला.

हे सगळं आता आठवायचं कारण माझा भाचा. त्याला जुनी काँटेसा घ्यायची आहे. म्हणतो, "मामू, एखादं मोठं जपानी इंजिन टाकतो, मग बघा!" मी त्याला विचारलं, "ब्रेकचं काय करणार? आणि कागदांचं?"

कागदांचा प्रश्न किरकोळ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या इंधनबदलाला वाट ठेवली आहे, पण मान्यताप्राप्त किट बसवूनच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ तपशील बदलणारे फेरफार चालणार नाहीत, असा निर्वाळा दिला. आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी अपघातात सापडली, तर विम्याच्या वेळी मालकच अडचणीत येतो.

आणि २०२१ चा नियम आहे, तो जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी लक्षात ठेवावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. काँटेसाची पहिली गाडी २०३४ च्या सुमारास पन्नाशीला येईल. आज हौसेनं इंजिन बदललं, तर उद्या तो मान तिच्या हातून जाईल.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. मी भाच्याला सांगितलं, कंपनीतूनच इसुझूचं इंजिन घेऊन बाहेर पडलेली काँटेसा शोध. वेळ लागेल, पैसे थोडे जास्त जातील, पण दमदार इंजिनही मिळेल आणि गाडीचं मूळपणही राहील. आणि गाडी हाती आली, की पहिला खर्च ब्रेकवर कर.

तो अजून शोधतो आहे. मिळाली, की साक्रीला घेऊन येणार आहे. मी म्हटलं, ये. आपण कोंडाईबारी उतरून बघू.