भिंतीलाही ताप चढतो

उन्हाळ्यात दिवेलागणीला घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. सूर्य मावळलेला असतो, पण भिंत चटका देते. जालना जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी विटांनी शोषलेली उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून ती नेमकी रात्री, आपण झोपतो त्या खोलीत उतरते.

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीचा गारवा हीच विश्रांती. तो मिळाला नाही, तर हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवत राहावे लागते आणि घामावाटे पाणी व क्षार जात राहतात. वृद्धांना, तान्ह्या बाळांना, हृदयरोग्यांना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हे सोसत नाही. उन्हात पाऊलही न टाकलेल्या आजीला उष्माघात होतो, तो असा.

जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती ही उष्णता अडवून धरत. पण जड माळवद आणि दगडमातीच्या भिंती किती घातक ठरू शकतात, हे १९९३च्या किल्लारी भूकंपाने दाखवले. त्यामुळे मागे जाण्यापेक्षा आहे त्या भिंतीला कवच घालणे बरे.

गोधडी ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. हीच हवा बाहेरची उष्णताही अडवते. मात्र कवच भिंतीच्या बाहेरून हवे, म्हणजे भिंत मुळात तापणारच नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा कूड किंवा शेडनेट उभे करा. चुलीपासून मात्र ते दूर ठेवा. भिंतीला चुन्याचा पांढरा हात द्या. ऐपत असेल तर बाहेरून उष्णतारोधक थर लावून त्यावर गिलावा करून घ्या. खोलीच्या आत उघडा थर्माकोल चिकटवू नका. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. घरावर पत्रे असतील, तर आधी त्यांना पांढरा रंग द्या, कारण सर्वात जास्त ऊन तेच झेलतात. रात्री बाहेर गार झाले की खिडक्या उघडा.

एवढे करूनही कुणाचे अंग भाजल्यासारखे तापले आणि ती व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा बेशुद्ध झाली, तर ती तापाच्या गोळीची वेळ नव्हे. तिला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.